झाकण कोणी उघडायचे?

जबलपूरच्या जुन्या रचनेत ओमती नाला ही एक सीमा होती. नाल्याच्या एका अंगाला जुने शहर, दुसऱ्या अंगाला सिव्हिल लाइन्स आणि छावणी. आज ओमती म्हटले की दाट बाजारपेठ आणि पोलीस ठाणे आठवते, नाला बहुतेकांच्या नजरेतही येत नाही. पण पत्र्याच्या हवाबंद डब्याचा भारतातला इतिहास समजून घ्यायला ही सीमा उपयोगी पडते. हा डबा आधी नाल्याच्या छावणीकडच्या अंगाला राहिला आणि शहराच्या अंगाला फार उशिरा, वेगळ्याच रूपात आला. आता जबलपूरसारख्या शहरांत कुत्र्यामांजरांच्या खाद्याचे कडी ओढून उघडायचे डबे सहज मिळतात. या डब्यांचे झाकण काढताना बोट का कापते, असा प्रश्न आला की उत्तर बहुधा डब्याच्या बनावटीत किंवा उघडणाऱ्याच्या निष्काळजीपणात शोधले जाते. माझे म्हणणे वेगळे आहे. डबा उघडण्याची सुरक्षितता ही मुळात एक शिकलेली सवय असते, आणि ती सवय जिथे घडते तो टप्पा आपल्या घरांच्या वाट्याला जवळजवळ आलाच नाही.

सुरुवात युरोपातून करावी लागते. निकोला अपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने बाटलीत अन्न बंद करून उकळण्याची आपली पद्धत १८१० मध्ये छापून जाहीर केली. त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरँडने घेतलेल्या पेटंटात पत्र्याच्या भांड्यांचाही समावेश होता, आणि १८१३ पासून ब्रायन डॉन्किन आणि जॉन हॉल यांच्या बर्मंडसी येथील कारखान्यातले डबे इंग्रजी आरमाराला व लष्कराला जाऊ लागले. डबा उघडण्याचे खास हत्यार मात्र १८५० च्या दशकात आले. मधल्या चाळीसेक वर्षांत छिन्नी आणि हातोडीने काठालगत झाकण कापावे, अशी सूचना डब्यावरच असे. ही गोष्ट पुष्कळदा माणसाच्या विसराळूपणाचा किस्सा म्हणून सांगितली जाते: डबा शोधला आणि उघडणी शोधायला विसरले. हा आरोप टिकत नाही. ते डबे जाड लोखंडी पत्र्याचे आणि वजनदार होते. ते जात जहाजांवर आणि छावण्यांत, जिथे सुतार, लोहार, संगीन आणि हातोडी आधीपासून हजर असत. उघडणारा माणूस धातू कापायला सरावलेला होता, म्हणून वेगळ्या हत्याराची गरजच पडली नाही. त्या काळचा खरा धोका झाकणाच्या धारेपेक्षा डब्याच्या पोटात होता. १८५२ मध्ये इंग्रजी आरमाराच्या कोठारात स्टीफन गोल्डनर या पुरवठादाराचे डबे तपासायला घेतले तेव्हा बहुतेकांतले मांस सडलेले निघाले, आणि सगळा गदारोळ झाला तो त्यावर.

हत्यार आले ते पत्रा पातळ झाल्यावर आणि गिऱ्हाईक बदलल्यावर. १८५५ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट येट्सने नखासारख्या पात्याची उघडणी काढली, १८५८ मध्ये अमेरिकेत एझ्रा वॉर्नरने दुसरी. वॉर्नरच्या उघडणीचे टोक इतके धोक्याचे होते की ती घराघरांत गेली नाही. वाणी दुकानातच डबा उघडून गिऱ्हाइकाच्या हाती देई. ही व्यवस्था आज विसरली गेली असली तरी तिच्यातला विचार महत्त्वाचा आहे. धोका विकणाऱ्याने पत्करायचा आणि घेणाऱ्याने फक्त अन्न न्यायचे, असा तो व्यवहार होता. १८६६ मध्ये जे. ऑस्टरहाउटने किल्लीने पट्टी गुंडाळत उघडायच्या डब्याचे पेटंट घेतले आणि १८७० मध्ये विल्यम लायमनने काठावर फिरणाऱ्या चाकाची उघडणी काढली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाळकामाऐवजी पत्र्याच्या कडा दुहेरी दुमडून झाकण बसवण्याची पद्धत रुजली, डब्याला पक्का कंगोरा मिळाला, आणि त्या कंगोऱ्याला धरून फिरणारे दातेरी चाकाचे हत्यार १९३० च्या आसपास अमेरिकी स्वयंपाकघरांत स्थिरावले. तिथल्या दोनतीन पिढ्या या हत्यारावर वाढल्या. कापलेले झाकण म्हणजे पाते, ते बोटाने उचलायचे नाही, डब्यात हात घालायचा नाही, हे कोणी मुद्दाम शिकवले नाही. रोजच्या वापराने ते हातात मुरले.

आता नाल्याच्या पलीकडे, छावणीत येऊ. जबलपूर १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे आणि १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १९ डिसेंबर १८१७ च्या लढाईनंतर ते इंग्रजांच्या ताब्यात आले आणि तिथे छावणी वसली. मार्च १८७० मध्ये मुंबईहून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे इथेच अलाहाबादकडून आलेल्या ईस्ट इंडियन रेल्वेला मिळाली आणि मुंबई ते कलकत्ता अशी सलग वाहतूक सुरू झाली. बंदरात उतरलेला विलायती माल मग थेट मध्य भारतातल्या छावण्यांपर्यंत पोहोचू लागला, आणि त्यात हवाबंद डबे होते. इंग्रज कुटुंबांना डब्यातल्या मासळीचा आणि भाज्यांचा इतका सोस जडला होता की मद्रासच्या कर्नल केनी-हर्बर्टने १८७८ च्या आपल्या पाककृतींच्या पुस्तकात या डबेशाहीची खिल्ली उडवली. पण हे डबे साहेब किंवा मेमसाहेब स्वतः उघडत नसत. बंगल्यात ते काम खानसाम्याचे आणि बराकीत शिपायाचे. म्हणजे हिंदुस्थानात डबा आला तो उघडणाऱ्या नोकरासकट. उघडण्याचे कसब बावर्चीखान्यातच राहिले आणि नाला ओलांडून शहरातल्या घरांत पोहोचले नाही.

शहरातल्या घरांना, त्यांत मराठी घरांना, धातूत बंद केलेली वस्तू अपरिचित होती असे मात्र नाही. १८६१ पासून १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते आणि जबलपुरात मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे. शिवाय महाराष्ट्रातून प्रयाग-काशीला जाणाऱ्यांचा लोहमार्गही याच शहरातून गेला. रेल्वेपूर्वी वरसईच्या विष्णुभट गोडशांसारखे यात्रेकरू गंगोदकाची कावड खांद्यावरून घरी आणत. रेल्वेने ते श्रम वाचवले आणि तोंड झाळून बंद केलेला गंगेचा गडू यात्रेकरूंच्या सामानातून घरोघरी आला. मावंदे झाले की गडू देवघरात विसावे, आणि कित्येक घरांत तो वर्षानुवर्षे तसाच बंद राही. तो उघडायची वेळ एखाद्याच्या अखेरच्या क्षणी येई. कोणीतरी जाणते माणूस तोंडावरचा डाग खिळ्याने वा चाकूच्या टोकाने काढी, तुळशीच्या पानावरून पाणी तोंडात सोडले जाई. हवाबंद धातूशी मराठी घराचा हा जुना परिचय मोलाचा आहे, पण त्यातून दिसते ते हेच: बंद भांडे उघडणे ही क्वचित घडणारी आणि जाणत्यावर सोपवलेली क्रिया होती. रोज सकाळी, घाईत, एका हाताने करण्याचे ते काम नव्हते.

रोजच्या वापरातला पत्र्याचा डबा आपल्याकडे आला तो रॉकेलमुळे. चौकोनी डब्यांतून रॉकेल गावोगाव पोहोचले. या डब्यांच्या पत्र्याची गरज एवढी मोठी होती की बर्मा ऑइल कंपनी आणि टाटा यांच्या सहभागातून १९२० मध्ये टिनप्लेट कंपनी ऑफ इंडिया उभी राहिली आणि जमशेदपूरजवळ गोलमुरीला तिचा कारखाना निघाला. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला, पुढे दूधपावडरीचे आणि बाळांच्या खाद्याचे डबे आले. या सगळ्या डब्यांत एक साम्य आहे. आतला माल संपल्यावर डबा टाकायचा नसतो. त्यात पाणी भरायचे, धान्य साठवायचे, तुळस लावायची. पावडरीच्या डब्याचे झाकण चमच्याच्या दांड्याने उचकायचे आणि पुन्हा दाबून बसवायचे. आटीव दुधाच्या डब्याला खिळ्याने समोरासमोर दोन भोके पाडली, एक दूध ओतायला आणि एक हवा जायला, की काम झाले. अख्खे झाकण कापण्याची गरजच नाही. झाकण कापून काढणे म्हणजे आपल्या हिशेबात चांगला डबा वाया घालवणे होते. म्हणून टिन कटर हे हत्यार आपल्या बहुसंख्य स्वयंपाकघरांत रोजच्या भांड्यांत कधी सामील झालेच नाही. के. सी. दास यांचे डबाबंद रसगुल्ले १९३० पासून मिळत असले तरी तो प्रवासातला, भेटीचा किंवा सणाचा डबा होता.

यावर आक्षेप येईल की जबलपुरात तरी हे खरे नाही: इथे मोठी छावणी आहे, रेल्वेची वसाहत आहे, १९०४ मध्ये उभा राहिलेला तोफगाड्यांचा कारखाना आणि दुसऱ्या महायुद्धातला खमरियाचा दारूगोळा कारखाना आहे, या शहराला हवाबंद डबा नवा कसा? आक्षेपात तथ्य आहे, पण तो माझ्याच मुद्द्याला बळ देतो, कारण लष्करात डबा उघडणे हे शिकवून दिलेले काम असते. काडतुसांच्या पेटीचेच उदाहरण घ्या. जानेवारी १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत इसांडलवाना येथे झुलू सैन्याने इंग्रजी तळ कापून काढला. त्यानंतर वर्षानुवर्षे सांगितले गेले की काडतुसांच्या पेट्या स्क्रूने बंद होत्या, त्या वेळेत उघडता आल्या नाहीत आणि म्हणून पराभव झाला. पुढे संशोधकांनी दाखवून दिले की पेटीचे सरकते झाकण एकाच स्क्रूवर होते आणि बंदुकीच्या दस्त्याच्या तडाख्याने ते निघे. रणभूमीवर वाकलेले स्क्रू सापडले आहेत. पेटीच्या आत दमटपणा अडवणारे पातळ धातूचे अस्तर असे आणि ते फाडायला तारेची कडी. कडी ओढून धातू फाडण्याची युक्ती अशी लष्कराला निदान सव्वाशे-दीडशे वर्षांपासून माहीत आहे. पण शिपायाला ती कवायतीत दाखवली जाई. तीच युक्ती बाजारातून घरात येते तेव्हा ती कवायत सोबत येत नाही.

आजच्या कडीचा जनक म्हणून एर्मल फ्रेझ या ओहायोतल्या अभियंत्याचे नाव घेतले जाते. १९५९ मध्ये सहलीला गेला असताना उघडणी विसरल्याने त्याने बिअरचा डबा मोटारीच्या बंपरवर फोडला आणि त्यातून कल्पना सुचली, असे सांगतात. त्याच्या शोधाचा गाभा कडीत नसून खिळ्यात आहे. झाकणाला भोक पाडून खिळा ठोकला तर डबा गळणार. फ्रेझने झाकणाच्याच धातूचा फुगवटा ओढून त्यातून खिळा घडवला आणि कडी त्यात अडकवली. झाकणावर ठशाने एक रेघ दाबून तिथला धातू पातळ केलेला असतो. कडी उचलली की तिचे नाक त्या रेघेवर दाबते, धातू तिथे फुटतो आणि पुढे ओढत नेला की रेघेबरोबर फाटत जातो. १९६३ च्या सुमारास ही झाकणे अमेरिकी बाजारात पसरली, आणि लवकरच किनाऱ्यांवर, बागांत पडलेल्या तुटक्या कड्यांनी लोकांचे पाय कापू लागले. १९७५ मध्ये डॅनियल कुडझिकच्या रचनेने पेयांच्या डब्यावरची कडी डब्यालाच चिकटून राहू लागली. खाद्याच्या डब्याला मात्र हा उपाय लागू पडत नाही. घट्ट मांस बाहेर काढायचे तर अख्खे झाकण निघालेच पाहिजे, आणि निघालेल्या झाकणाला व डब्यात उरलेल्या कड्याला, दोन्हींना ताजी धार येते. कडीने हत्याराची गरज काढून टाकली, पण जे कापायचे हत्यार पूर्वी खणात असे ते आता प्रत्येक डब्यात नव्याने तयार होते.

कुत्र्यामांजरांचे खाद्य या साखळीत शेवटी येते. जेम्स स्प्रॅटने १८६० च्या दशकात लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटे विकायला सुरुवात केली. अमेरिकेत १९२२ मध्ये इलिनॉयमधल्या रॉकफर्डच्या चॅपेल बंधूंनी घोड्याच्या मांसाचे डबाबंद खाद्य काढले. दुसऱ्या महायुद्धात कथलाची टंचाई झाली, तेव्हा जनावरांच्या खाद्याला डबे मिळेनात आणि कोरड्या दाण्यांचे दिवस आले. युद्धानंतर डबे परतले आणि पुढे त्यांवर कडी बसली. भारतातल्या घरांत कुत्र्याला पोळी-दूध आणि मांजराला मासळीचे काटे हीच रीत होती. विकतचे खाद्य आले ते मुख्यतः कोरड्या दाण्यांच्या पिशव्यांतून. इथे दुसरा आक्षेप उभा राहतो: बाजारात पिशव्या आणि पाउच जास्त, कडीचा डबा थोड्या सधन घरांत, मग एवढी चर्चा कशासाठी? उत्तर संख्येत नाही, वापराच्या रीतीत आहे. माणसाच्या खाण्याचा डबा आपल्याकडे सणासमारंभाला उघडतो; मांजराचा डबा ज्या घरात आला तिथे तो रोज उघडतो. उघडणाऱ्याच्या पायाशी भुकेला जीव घुटमळत असतो, हात तेलकट असतात, काम अनेकदा मुलांवर, वृद्धांवर किंवा घरकामाच्या मावशींवर सोपवलेले असते. आणि रिकामा डबा चाटायला दिला तर धारेशी गाठ जिभेची पडते. टिन कटरच्या सवयीचा टप्पा न पाहिलेल्या घरात रोज उघडणारा असा हा पहिलाच डबा आहे.

मग सवय कोणती लावायची? कापण्याची कारणे पाहिली की तीही समजते. बोट कापते ते बहुधा शेवटच्या टप्प्यावर. झाकण तीन चतुर्थांश फाटलेले असते, उरलेला भाग चिवटपणे धरून राहतो, ओढणारा जोर वाढवतो आणि झाकण एकदम सुटते. हात झेपावतो आणि दुसऱ्या हाताची बोटे कंगोऱ्यावर असतात. म्हणून डबा हातात न धरता ओट्यावर सपाट ठेवावा आणि दुसऱ्या हाताने त्याचे अंग धरावे, काठ नव्हे. कडी नखाने उचकण्यापेक्षा चमच्याचा दांडा खाली सारून उभी करावी. इथे आपली पावडरीच्या डब्याची जुनी सवय कामी येते. फट पडली की झाकण हळूहळू मागे गुंडाळत न्यावे आणि शेवटच्या बोटभर अंतरावर थांबून, फडक्याने धरून सोडवावे. खाद्य चमच्याने वाटीत काढावे, डबा जनावरापुढे ठेवू नये, उरलेले दुसऱ्या भांड्यात झाकून फ्रीजमध्ये ठेवावे. कडी तुटली तर सुरीचे टोक खुपसू नये. वरच्या कंगोऱ्यावर टिन कटर लावावा, कारण यांतल्या बऱ्याच डब्यांचा तळ अंगाच्याच पत्र्यातून ओढून घडवलेला असतो आणि त्याला कटर बसायला कंगोराच नसतो. फुगलेला किंवा गळणारा डबा उघडूच नये, तसाच टाकावा.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. तो असा की ही सगळी दक्षता ग्राहकावर लादण्यापेक्षा कारखान्यानेच निर्धोक झाकण बनवावे. मागणी रास्त आहे आणि अशक्यही नाही: रेघेखालचा पत्रा दुमडून कापलेली कड झाकणारी झाकणे बनवली जातात, आणि काही डब्यांवर धातूच्या झाकणाऐवजी सोलून काढायचा पातळ पडदाही असतो. अशी झाकणे सक्तीची झाली तर स्वागतच आहे. पण दोनशे वर्षांचा अनुभव सांगतो की प्रत्येक सुधारणेने धोक्याची जागा बदलली. छिन्नीचा धोका वॉर्नरच्या टोकात गेला, टोकाचा कापलेल्या झाकणात, झाकणाचा किनाऱ्यावरच्या तुटक्या कडीत. आज तो घरातून बाहेर पडून कचऱ्यात जातो. धारदार झाकण सुटे टाकले की ते आधी कचरा वेचणाऱ्याच्या बोटाला भेटते, नाहीतर उकिरड्यावर तोंड घालणाऱ्या गायीच्या जिभेला, आणि पावसाळ्यात गटारातून नाल्यात जाते. झाकण डब्यात आत ढकलून, डब्याचे तोंड दाबून तो वेगळा द्यावा, एवढी शिस्त कोणताही कारखाना घालून देऊ शकत नाही.

हे ज्ञान पोहोचवायला जबलपूरसारख्या शहरात माणसे कमी नाहीत. इथे १९४८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांचे नाव दिलेले पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठ २००९ पासून आहे. कुत्र्याला लस कधी द्यायची हे सांगणारा पशुवैद्य डबा कसा उघडायचा हेही दोन वाक्यांत सांगू शकतो. डब्यावर हिंदी-मराठीत तीन चित्रे छापणे कंपनीला जड नाही. आणि पहिला डबा विकताना दुकानदाराने तो गिऱ्हाइकासमोर एकदा उघडून दाखवला तर दीडशे वर्षांपूर्वीच्या वाण्यापेक्षा त्याला कमीच कष्ट पडतील. डबा घरात आणणाऱ्या साखळीत नफा ज्यांच्या वाट्याला येतो, उघडण्याची जबाबदारीही त्यांच्याकडे थोडी असलीच पाहिजे.